गावातलं मेडिकल: इन्स्पेक्टर येत नाही त्या दिवसांचं काय?

ज्यांनी प्रश्न विचारलाय त्यांचं बी.फार्म. झालंय, तालुक्यापासून लांबच्या गावात मेडिकल टाकतायत, लाईट रोज चार-सहा तास जाते, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. त्यांचं म्हणणं असं की सेफ्टी आणि क्वालिटीसाठी काय काय ठेवावं लागतं, इन्स्पेक्टर काय बघतात, आणि लोकं चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतात त्यांना नाही म्हटलं तर धंदा चालणार कसा.

भाऊ, मी विदर्भातल्या एका गावात बरीच वर्षं मेडिकल चालवतोय, त्यामुळे जे लिहितोय ते आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या आणि आमच्याकडच्या गिऱ्हाइकांच्या हिशोबाने. तुम्ही कोकणात असाल तर उन्हाच्या जागी दमट हवा धरा, बाकी बरंचसं तेच लागू होईल.

इन्स्पेक्टरचा भाग आधी उरकून टाकतो कारण तो सोपा आहे. रिटेलसाठी किमान १० चौरस मीटर जागा, फॉर्म २० आणि २१ ची लायसन्स भिंतीवर दिसतील अशी, रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर, फ्रीज चालू, खरेदी-विक्रीची बिलं, शेड्यूल एच-वनचं (जास्त कडक नियमाची, चिठ्ठीवरच द्यायची औषधं) रजिस्टर, एक्सपायरी झालेला माल वेगळ्या खोक्यात, जनावरांची औषधं वेगळ्या रॅकला. एवढं नीट असेल तर तपासणीला घाबरायचं काही कारण नाही. आणि तुम्ही स्वतः फार्मासिस्ट आहात ही सगळ्यात जमेची बाजू, कारण गावाकडे सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर दुसराच हा प्रकार अजून चालतो. महेश झगडे एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त असताना राज्यात यावर मोठी मोहीम झाली होती, केमिस्ट लोकांनी संपसुद्धा केले, पण मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की त्यांचा मुद्दा बरोबर होता. औषध देणारा माणूस शिकलेला नसेल तर बाकीचे सगळे नियम कागदावरच राहतात.

पण तुमचा खरा प्रश्न तपासणीचा नाहीये. तपासणी वर्षातून एखाद्या दिवसाची, उरलेले दिवस दुकानात तुम्ही, तापलेलं छत, गेलेली लाईट आणि समोर उभं असलेलं ओळखीचं माणूस. कंपनीतून औषध बहुतेक वेळा चांगलंच निघतं, पण ते गावात येईपर्यंत, तुमच्या रॅकवर असताना, आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर बिघडतं किंवा चुकीचं घेतलं जातं. या शेवटच्या टप्प्यावर लक्ष ठेवणारं गावात तुमच्याशिवाय कोणी नाही.

सुरुवात उष्णतेपासून करू, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं आणि ते दिसत नाही. बहुतेक औषधांवर ३० किंवा २५ डिग्रीच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात दुपारी शटर ओढून जेवायला घरी गेलात आणि वर टिनाचं छत असेल तर आत चाळीसच्या वर सहज जातं. कडक गोळी बाहेरून तशीच दिसते म्हणून कळत नाही, पण व्हिटॅमिनच्या मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटायला लागल्या किंवा लहान मुलांच्या तापाच्या सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या मेणासारख्या वड्या) पाकिटात वितळून चपट्या झाल्या की समजायचं, त्या रॅकवर बाकीच्या औषधांनीही तेवढंच ऊन खाल्लंय. त्यामुळे पहिला खर्च काचेच्या शोकेसवर करू नका, छताखाली सीलिंग आणि एक एक्झॉस्ट फॅन यावर करा. पश्चिमेच्या भिंतीला रॅक लावू नका, ती भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते. सिरपची खोकी जमिनीवर नको, खाली लाकडी फळ्या टाका, पावसाळ्यात ओल वर चढते आणि उंदीर पुठ्ठा कुरतडतात. भिंतीवर एक साधं तापमान-आर्द्रता मीटर लावा आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला आकडा लिहून ठेवा. सकाळी दहाचा आकडा लिहिण्यात काही अर्थ नाही, तेव्हा सगळ्यांचंच दुकान थंड असतं.

आता फ्रीज. इन्सुलिन, रेबीजची लस, धनुर्वाताची लस, ऑक्सिटोसिन ही २ ते ८ डिग्रीत ठेवायची औषधं, आणि यात दोन्ही बाजूंनी धोका आहे. लोकांना गरम झालेलं इन्सुलिन खराब होतं एवढं माहीत असतं पण गोठलेलं इन्सुलिनसुद्धा कायमचं वाया गेलेलं असतं हे बऱ्याच दुकानदारांच्या डोक्यात नसतं, म्हणून सिंगल डोअर फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून काही ठेवू नका, दारात ठेवू नका, आणि फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या, दूध, भाजी असली घरची वर्दळ नको. एकच अपवाद, खालच्या रिकाम्या कप्प्यात सील करून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, त्या प्यायच्या नाहीत, लाईट गेल्यावर थंडावा धरून ठेवायला त्या असतात.

लाईट गेल्यावर फ्रीज किती तास टिकतो याला एक उत्तर नाही. फ्रीज किती जुना, दाराचं रबर कसं, बाहेर किती तापलंय, मधे किती वेळा उघडला, सगळ्यावर अवलंबून आहे. म्हणून माल भरायच्या आधी एक दिवस हे करा: कमाल-किमान दाखवणारं थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवा, बाटल्या भरून एक रात्र थंड होऊ द्या, सकाळी स्विच बंद करा आणि तासातासाने आकडा बघा, दार न उघडता बघायला वायरचा सेन्सर असलेलं मीटर घ्या, फार महाग नसतं. ८ च्या वर किती वाजता गेलं ते लिहून फ्रीजवरच चिकटवा. हे उन्हाळ्यात केलेलं बरं, हिवाळ्यातला आकडा फसवतो. तो वेळ तुमच्याकडच्या लोडशेडिंगपेक्षा कमी निघाला तर इन्व्हर्टर लागणारच, त्यात काटकसर करू नका.

गिऱ्हाइकाला इन्सुलिन देताना बाटली नुसती पिशवीत टाकून देऊ नका. थर्माकोलचा छोटा डबा, आइस पॅक, आणि दोघांच्या मधे कापड किंवा जाड कागद, कारण पॅक थेट बाटलीला लागला तर ती बाजू गोठते. मग विचारा, घरी फ्रीज आहे का? गावात नसतो बऱ्याच जणांकडे आणि लाजेने सांगत नाहीत. चालू असलेली बाटली साधारण महिनाभर, २८ दिवस बहुतेक इन्सुलिनला, सावलीत थंड जागी चालते. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मी दोन मातीची मडकी सांगतो, मोठ्यात छोटं, मधे ओली वाळू, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. पाणी उडून जाताना आत गारवा राहतो. दमट हवेत हे एवढं काम करत नाही हे लक्षात ठेवा. आणि बाटली उघडली ती तारीख बॉक्सवर पेनने लिहून द्या, सांगून लक्षात राहत नाही.

पेशंटला बघायला पण शिकवा. साधं रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला पाहिजे, गढूळ दिसलं की वापरायचं नाही. दुधासारखं दिसणारं मिक्स इन्सुलिन तळहातांमधे हळू फिरवल्यावर एकसारखं झालं पाहिजे, गुठळ्या राहिल्या किंवा बाटलीच्या आतून पांढरे कण चिकटले तर ते परत आणा, बदलून देऊ. असं एकदा सांगितलं की साखर वाढल्यावर लोकं दुप्पट युनिट टोचून घेण्याआधी बाटली बघतात.

मालाची खरेदी हा दुसरा भाग. बाईकवर येऊन दहा टक्के जास्त स्कीम देणारा, बिल नंतर देतो म्हणणारा माणूस तुमच्याकडे पहिल्या महिन्यातच येईल. घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. लायसन्स असलेल्या होलसेलरकडूनच घ्या, आणि माल आला की खोकं उघडून बिलावरचा बॅच नंबर आणि पाकिटावरचा बॅच नंबर जुळवून मगच रॅकला लावा. मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे, शंका आली तर मोबाईलने स्कॅन करून बॅच, एक्सपायरी, कंपनीचं लायसन्स बघता येतं.

बॅच नंबरचं एवढं का, तर ऑक्टोबर २०२५ आठवा. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला लहान मुलं खोकल्याच्या औषधाने गेली, कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३, तमिळनाडूच्या तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं, जिथे मर्यादा ०.१ टक्के आहे. त्यातली काही मुलं उपचाराला नागपूरला आणलेली होती. महाराष्ट्र एफडीएने लगेच त्या बॅचचा अलर्ट काढला. असा अलर्ट येतो तेव्हा ज्याने खरेदी बॅचप्रमाणे नोंदवलेली असते त्याला पाच मिनिटांत कळतं आपल्याकडे आलाय का आणि कोणाला गेलाय, आणि ज्याच्याकडे तोंडी व्यवहार असतो तो नुसता रॅक चाळत बसतो. हेच विष मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं होतं, १४ पेशंट गेले, त्यावर लेंटिन आयोग बसला. म्हणजे हे परत परत होतंय. सीडीएससीओ, म्हणजे केंद्राची औषध नियंत्रण संस्था, दर महिन्याला दर्जा न उतरलेल्या बॅचची यादी वेबसाईटवर टाकतं, ती महिन्यातून एकदा आपल्या स्टॉकशी ताडून बघायची सवय लावा.

तसं औषध कंपनीतूनच विषारी आलं तर आपण चाखून ओळखू शकत नाही, ते खरंय. पण गरज नसताना दिलं नाही तर तेवढा धोका टळतो. पाच वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची सिरपं शक्यतो नकोत आणि दोन वर्षांखाली तर नाहीच, हे त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने परत सांगितलं. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन असलेलं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये ही सूचना डिसेंबर २०२३ ची. गावात मात्र आई येते आणि म्हणते, "भाऊ, पोराला छाती भरली, मागच्या वेळचंच गुलाबी औषध द्या." तेव्हा बाटली काढायच्या आधी विचारा, श्वास जोरात चालतोय का, छाती आत ओढली जातेय का, दूध पितोय का. यातलं काही असेल तर सिरप नाही, सरळ पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात.

एक्सपायरीबद्दल थोडक्यात. पाकिटावर जून २०२६ असेल तर ३० जूनपर्यंत चालतं. पण बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घेणाऱ्याला जूनची स्ट्रिप मे महिन्यात देऊ नका, तो ती ऑगस्टपर्यंत खाणार आहे. आधी संपणारा माल पुढे, नवीन मागे, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकेक रॅक बघून शॉर्ट एक्सपायरी बाजूला. स्ट्रिप कापताना ज्या टोकाला बॅच आणि एक्सपायरी छापलेली आहे ते टोक दुकानात शेवटपर्यंत राहिलं पाहिजे, कापायला सुरुवात दुसऱ्या टोकाने. सुट्ट्या चार गोळ्या नेणाऱ्याला त्या बिलावर बॅच-एक्सपायरी लिहून द्या. आणि गोळ्या पाकिटातून फोडून कागदाच्या पुडीत कधीच नको, अमॉक्सिक्लॅवसारखी अँटिबायोटिक गोळी हवेतली ओल लागली की वाया जाते.

आता काउंटर. माझ्या मते सगळ्यात जास्त इजा इथे होते आणि ती कुठल्याही रजिस्टरमध्ये येत नाही. पॅरासिटामॉलचंच बघा. ड्रॉप्स असतात त्यात १ मिलीत १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ च्या आसपास, आणि डबल स्ट्रेंथमध्ये ५ मिलीत २५०. दहा किलोच्या पोराला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ड्रॉप्स एक-दीड मिली. आईला मागच्या वेळी "पाच मिली द्या" असं सांगितलेलं असतं, ते सिरपचं, आणि या वेळी घरात आहेत ड्रॉप्स, तिने पाच मिली दिले तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं. म्हणून मी बाटली देताना टोपीवर किंवा ड्रॉपरवर मार्करने रेघ मारून देतो, इथपर्यंत, आणि घरातली जुनी बाटली पण आणायला सांगतो.

अँटिबायोटिकचं कोरडं सिरप असेल तर पाणी तुम्ही स्वतः घालून द्या. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत, जोरात हलवायचं, मग थांबायचं. फेस बसला की पातळी खाली गेलेली दिसते, तेव्हा खुणेपर्यंत परत भरायचं. घाईत एकदाच खुणेपर्यंत ओतलं तर तळाला गठ्ठा राहतो आणि पहिले डोस पातळ, शेवटचे कडक. अमॉक्सिक्लॅवचं सिरप बनवल्यावर फ्रीजमध्ये सात दिवस, त्यानंतर फेकायचं, पाकिटावरची एक्सपायरी ही कोरड्या पावडरची असते. घरी फ्रीज नसेल तर डॉक्टरांना फोन करून पाण्यात विरघळणारी गोळी चालेल का विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, जेवणाआधी असेल तर रिकामं ताट. आणि शेवटी नुसतं "समजलं ना?" विचारू नका, सगळे मान हलवतात. "आजी, आता मला सांगा बरं कशी घेणार" असं विचारा. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, सोबत फॉलिक अॅसिड असतं, आणि दोन्ही बारीक पिवळसर गोळ्या, म्हणून अदलाबदल होते. रोज मेथोट्रेक्सेट खाल्लं तर माणूस दगावू शकतो. त्या पाकिटावर मी वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहितो आणि एका महिन्याच्या वर देत नाही. तसंच नावाला शेपूट असलेले ब्रँड, शुगरच्या ग्लायकोमेट आणि ग्लायकोमेट जीपी, साध्याच्या जागी जीपी गेली तर त्यात ग्लिमेपिराइड हे साखर जोरात उतरवणारं जादा औषध आहे, उपाशी शेतात गेलेल्या माणसाची साखर एकदम उतरते. हे दोन शेजारी ठेवू नका, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसेल तर अंदाज नको, फोन करा.

आणि आता तुमचा मुख्य प्रश्न, चिठ्ठीशिवाय मागणारे. सगळ्यांना सरसकट नाही म्हणायचं नाहीये. पॅरासिटामॉल, ओआरएस, अँटासिड, जखमेचं मलम हे विचारपूस करून देता येतं. ओआरएस मात्र पावडरच्या पाकिटातलं, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं. टेट्रा पॅकमधली गोड पेयं ओआरएस नावाने विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) ते नाव वापरायला बंदी केली, जुलाब झालेल्या पोराला ती जास्त साखर अजून जुलाब करते. सोबत १४ दिवस झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण हे आईला नक्की सांगा.

जे द्यायचं नाही ते म्हणजे अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, गर्भपाताच्या गोळ्या, स्टिरॉइड. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं ही एच-वनमध्ये आहेत, १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंद लागते, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. टीबीच्या पेशंटची माहिती आरोग्य विभागाला कळवणं २०१८ पासून केमिस्टवरही बंधनकारक आहे. नायट्याला तीन-तीन औषधं मिसळलेली स्टिरॉइडवाली मलमं गावात फार खपतात, दोन दिवसांत खाज थांबते म्हणून, आणि मग नायटा अख्ख्या अंगभर पसरतो आणि साध्या औषधाला जुमानत नाही. अंगदुखीच्या पुडीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड टाकून देणारे पण आहेत. समोरच्याला बरं वाटतं, तो परत येतो, आणि काही वर्षांनी त्याची हाडं आणि साखर दोन्ही गेलेली असते.

नाही म्हणायची पद्धत महत्त्वाची आहे. काका म्हणतात, "ती लाल-पिवळी कॅप्सूल दोन दे, घसा धरलाय." मी म्हणतो, काका, दोन कॅप्सूलने जंतू मरत नाही, शहाणा होतो, आणि पुढच्या वेळी न्यूमोनिया झाला तर हीच गोळी तुम्हाला चालणार नाही, आज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि तापाची गोळी न्या, तीन दिवसांत कमी नाही झालं किंवा गिळताच येईना तर या, मी स्वतः पीएचसीत फोन लावतो. डॉक्टर रोज नसतात म्हणता, तर ई-संजीवनी वापरा, सरकारी आहे, फुकट आहे, डॉक्टर व्हिडिओवर बघतात आणि चिठ्ठी मोबाईलवर येते. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंशी आणि आशा ताईंशी ओळख करून घ्या, बरेच पेशंट तुम्ही त्यांच्याकडे आणि त्या तुमच्याकडे पाठवतील.

धंद्याचं खोटं सांगणार नाही. समोर दुसरं मेडिकल असेल आणि ते काहीही देत असेल तर सुरुवातीला गिऱ्हाईक तिकडे जाईल. गावात तुम्ही एकटेच असाल तर हा त्रास कमी. पण दोन कॅप्सूल नेणाऱ्यावर मेडिकल चालत नाही, चालतं ते बीपी, शुगर, थायरॉईड, दम्याच्या महिन्याच्या औषधांवर, आणि ती माणसं जिथे बिल मिळतं, गोळी बदलली तर सांगितलं जातं, फ्रीज नीट असतो तिथे टिकतात. चिठ्ठीतलं एच शेड्यूलचं, म्हणजे फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं, औषध परस्पर बदलायचं नसतं, तुमच्याकडे नसेल तर नाही सांगा, उद्या मागवून द्या.

गाव म्हटलं की जनावरांची औषधं आलीच. ती वेगळ्या रॅकला, "फक्त जनावरांसाठी" हे लेबल असलेलीच. बैलाच्या सुजेला माणसांचं डायक्लोफिनॅक मागायला येतात, ते देऊ नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण मेलेलं ढोर खाल्लं की गिधाडाची किडनी जाते, आणि माणसांचं इंजेक्शन पण २०१५ पासून एका डोसच्या पॅकमध्येच येतं ते याचसाठी. एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झालं. मेलॉक्सिकॅम आहे, गुरांच्या डॉक्टरांना विचारा म्हणून सांगा.

कोणाला औषधाने पुरळ, सूज, चक्कर, काहीही वेगळं झालं तर औषध बंद करून डॉक्टरकडे पाठवा आणि औषधाचं पाकीट बॅच नंबरसकट जपून ठेवा. दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ आणि महाराष्ट्र एफडीएला तक्रार द्यायला १८००-२२२-३६५, दोन्ही टोल फ्री, काउंटरच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

तुमचं छत टिनाचं आहे की स्लॅबचं, दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला आणि फ्रीज कोणता घेताय ते लिहा, म्हणजे रॅक कुठे लावायचे ते सांगता येईल.